वीस वर्षं एकच लॉर्ड मेयर, आता बास की चालू द्या?

कट्ट्यावरचा_बंड्या: सप्टेंबर २०२४ ला क्लोव्हर मूर सिडनीच्या लॉर्ड मेयर म्हणून परत निवडून आल्या, सलग सहाव्यांदा. २००४ पासून बाई तिथेच, २०२४ च्या निवडणुकीला वय ७८. कितीही चांगलं काम असलं तरी मुदतीला मर्यादा हवी की नको? माझं मत, हवीच.

रोहिणी_आर: का म्हणून? खुर्ची कुणी आंदण दिलेली नाही, दर वेळी लोकांनी मतं दिलीत आणि तीही अपक्ष असताना. १९८८ पासून आमदारही होत्या, तर २०१२ ला राज्य सरकारने कायदाच आणला की दोन्ही पदं एकत्र चालणार नाहीत, लोक त्याला सरळ 'गेट क्लोव्हर' (क्लोव्हरला हटवा) कायदा म्हणायचे. बाईंनी आमदारकी सोडली, मेयरपद ठेवलं, आणि त्यांनी पाठिंबा दिलेला अ‍ॅलेक्स ग्रीनविच पोटनिवडणुकीत आरामात आला 😄 मग २०१४ ला सरकारने कौन्सिलच्या निवडणुकीत धंदेवाल्यांना दोन-दोन मतं देऊन बघितलं, तरी २०१६ ला बाईच!

कट्ट्यावरचा_बंड्या: अपक्ष कसल्या हो, नगरसेवकांच्या टीमच्या नावातच 'क्लोव्हर मूर' आहे. वीस वर्षांत दुसरं नाव पुढे आलं नाही हा दोष कुणाचा?

वेस्टमीडकर: भांडा भांडा, पण इथल्या निम्म्या लोकांचं मत तिथे नाहीच. सिटी ऑफ सिडनी म्हणजे फक्त मधल्या शहराची कौन्सिल, जेमतेम २६ चौरस किमी, आपली मंडळी बरीचशी पश्चिमेला वेंटवर्थव्हिल, हॅरिस पार्क साईडला, आपली कौन्सिल वेगळी. आपला संबंध ऑफिसला जाण्यापुरता, आणि तेवढ्यात सायकल लेनच्या नावाने बोटं मोडायची.

रोहिणी_आर: ऑफिसला जाता ना, मग पूर्वीचा जॉर्ज स्ट्रीट आठवा. एकीला एक चिकटून बसेस, फुटपाथवर धक्काबुक्की. आता मधून ट्राम जाते आणि लोक रस्त्यात बाकावर बसून डबा खातात. त्या ट्रामसाठी कौन्सिलने २२ कोटी डॉलर घातले. ग्रीन स्क्वेअरची जमिनीखालची लायब्ररी बघा, वर चौकात फक्त काचेचा त्रिकोण दिसतो.

कट्ट्यावरचा_बंड्या: कामं कोण नाकारतंय? पण २०२४ ला पहिल्या पसंतीची मतं २०२१ पेक्षा कमी पडली, म्हणजे लोकही कंटाळलेत.

रोहिणी_आर: अहो मग तेच तर म्हणतेय, मतदार बघून घेतील की, कायदा कशाला?

कट्ट्यावरचा_बंड्या: बरं. २०२८ ला त्या उभ्या नाही राहिल्या तर टीमचं नाव काय ठेवणार तेवढं सांगा.