इत्झुलियातले चार-पाच किलोमीटरचे घाट आणि आपला बोरघाट : ही पोरं एवढ्याशा चढावर का गळतात?

रविवारचा_बोरघाट (मुलुंड)

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, जाणकारांनी प्लीज नीट समजावून सांगा. मी चार वर्षं रोड बाइक चालवतोय, महिन्यातून दोनदा तरी आमचा ग्रुप पहाटे साडेतीनला निघून पनवेल, खोपोली करत बोरघाट चढून खंडाळ्याला जातो. शिंग्रोबाच्या देवळाजवळ जो खडा तुकडा आहे तिथे जीव निघतो, पण तेवढा सोडला तर घाट लयीत चढता येतो, वर चहा पिऊन माणूस परत ताजा होतो.

गेल्या काही महिन्यांपासून मला स्पेनमधल्या बास्क भागातल्या इत्झुलिया रेसचं वेड लागलंय. एप्रिलमध्ये सहा दिवस चालते, वर्ल्डटूरची म्हणजे सायकलिंगमधल्या सगळ्यात वरच्या दर्जाची रेस आहे. जुन्या स्टेजेस, म्हणजे एकेका दिवसाच्या शर्यती, शोधून शोधून बघतो. 2023 च्या शेवटच्या दिवशी डेन्मार्कचा विंगेगार्ड एकटाच पुढे निघून एइबारमध्ये पोचला, त्या एका आठवड्यात त्याने तीन स्टेज मारल्या आणि रेसही घेतली, ते बघून तर झोपच उडाली माझी. पण बघताना सारखं वाटतं की हे घाट आहेत तरी केवढे, चार किलोमीटर, पाच किलोमीटर. आपला बोरघाट याच्या दुप्पट. आणि जगातले सगळ्यात तगडे रायडर तिथे असे गळतात की कॅमेऱ्यात मागे एकेकटे वाकडेतिकडे चढताना दिसतात. हे कसं काय? आणि दुसरं म्हणजे ज्यांना जुलैमध्ये टूर द फ्रान्स जिंकायचीय ते लोक एप्रिलमध्ये या सहा दिवसांच्या रेसमध्ये एवढा जीव का टाकतात?

घाटवेडा_ठाणे

भावा प्रश्न भारी आहे. तू लांबी बघतोयस, जरा चढ किती टक्के आहे ते बघ. एइबारच्या स्टेजमध्ये इझुआ नावाचा घाट असतो, 4.1 किलोमीटर आणि सरासरी 9.2 टक्के. क्राबेलिन आहे, साधारण 5 किलोमीटर, सरासरी साडेनऊच्या वर. म्हणजे तुझा तो शिंग्रोबाचा तुकडा आहे ना, तोच धर आणि सलग चार-पाच किलोमीटर ताणून बघ, मध्ये श्वास घ्यायला सपाट काही नाही. बोरघाट लांब आहे पण सरासरी काढलीस तर पाच टक्क्यांच्या आसपास येईल. पाच टक्क्यांवर प्रो लोक पंचवीसच्या स्पीडने जातात, त्या स्पीडला पुढच्याच्या चाकामागे बसलं की हवा बरीच कमी कापावी लागते, मग थोडा कमी ताकदीचा माणूससुद्धा टिकून राहतो. नऊ-दहा टक्क्यांवर स्पीड अठरा-वीसवर येतो, मग चाकामागे बसून फारसं काही वाचत नाही, ज्याच्या पायात आहे तो जातो आणि ज्याच्या पायात नाही तो उघडा पडतो. इझुआ ते बारा-तेरा मिनिटांत चढतात म्हणजे शेवटपर्यंत जवळपास लालमध्येच, म्हणजे ताकदीच्या टोकावरच असतात, लांब घाटासारखं सांभाळून चढायची सोयच नाही.

आणि हे एकदा नाही. 2021 ची शेवटची स्टेज घे, ओंडारोआहून निघून वर अराटेला फिनिश, जेमतेम 112 किलोमीटर पण सात घाट. एक घाट संपला की उतार, उतार संपला की गावातून उजवीकडे वळलं की लगेच पुढचा चालू, एनर्जी जेल खायला हात खिशात घालायलासुद्धा फुरसत नाही.

आता खरी मारामारी कुठे होते माहितीये का, घाटाच्या पायथ्याशी. रस्ते अरुंद, दीडशेच्या वर रायडर, प्रत्येक टीमचे सात, आणि सगळ्यांनाच पहिल्या वीसात राहून वळायचं असतं. दादरला गर्दीच्या वेळी फास्ट पकडताना आपण कसं आधीच डब्याच्या जागेवर जाऊन उभे राहतो, गाडी आल्यावर धावत सुटलेल्याचं काही खरं नसतं, अगदी तसंच. साठाव्या नंबरवर वळलास की पुढे कोणीतरी दम टाकणार, त्याच्यापुढे गॅप पडणार, आणि ती गॅप भरायला तुला पुढच्यांपेक्षा जास्त जोर लावावा लागणार. म्हणून टीमची चार पोरं घाट यायच्या आधीच स्वतःला जाळून आपल्या लीडरला पायथ्यापर्यंत पुढे आणून सोडतात, घाट सुरू झाला की ती गेलीच. रिझल्टमध्ये त्यांची नावं शेवटून बघावी लागतात, पण मला विचारशील तर रेस तीच पोरं जिंकून देतात.

2021 ची ती स्टेज पूर्ण बघच. सकाळी अमेरिकेचा ब्रँडन मॅकनल्टी रेसचा लीडर होता, म्हणजे सगळ्या दिवसांचा मिळून त्याचा वेळ सगळ्यात कमी, स्लोव्हेनियाचा रोग्लिच 23 सेकंद मागे, आणि रोग्लिचच्याच देशाचा पोगाचार मॅकनल्टीच्या टीमचा. मधल्या एका उतारावर रोग्लिच आणि अस्ताना टीमवाले सुटले आणि ग्रुप फुटला. मॅकनल्टी दमलेला, पोगाचार त्याच्यासाठी मागे राहिला. तो स्वतः निघेपर्यंत पुढचे हाताबाहेर गेले होते. अराटेला वर फ्रान्सचा गोडू आणि रोग्लिच दोघंच पोचले, स्टेज गोडूने घेतली, रेस रोग्लिचने, विंगेगार्ड दुसरा 52 सेकंदांनी, पोगाचार तिसरा. मी ती स्टेज तीन वेळा बघितलीये आणि तिन्ही वेळा त्या उताराला उठून उभा राहिलोय.

दादरची_सायकलवाली

घाटवेडा दादा चढाचं बरोबर सांगतायत पण मला उताराबद्दल बोलायचंय, कारण इत्झुलिया म्हटलं की मला आधी 4 एप्रिल 2024 आठवतो. चौथी स्टेज, ओलाएटाचा उतार, एक वळण. एकजण घसरला आणि मागचे एकामागोमाग बाहेर, बाजूला पाणी जायची सिमेंटची नाली आणि दगड, त्यातच पडले. विंगेगार्डची कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली, बारा दिवस हॉस्पिटलमध्ये होता. रेम्को एव्हेनेपूलची कॉलरबोन आणि खांद्याचं हाड. ऑस्ट्रेलियाच्या जे व्हाइनचे मणके मोडले. रोग्लिच लीडरच्या पिवळ्या जर्सीत होता, त्यालाही रेस सोडावी लागली. रेस थांबवली, पुढे सहा जणांचा ब्रेकअवे, म्हणजे आधीच सुटलेला ग्रुप, होता तेवढ्यांना फिनिशपर्यंत रेस करू दिली, बाकीच्यांचा टाइम धरलाच नाही.

मी ते लाइव्ह बघत होते आणि मला मोबाइल उलटा करून ठेवावा लागला. त्याच्या आदल्या पावसाळ्यात मी कसाऱ्याच्या उतारावर पडले होते. वळणात रस्त्याच्या कडेची जी पांढरी पट्टी असते ना, ओल्या पट्टीवर माझं पुढचं चाक गेलं. ब्रेक दाबायचा नाही हे माहीत होतं, तरी बोटं दाबून गेली. आवाज काहीच नाही झाला, नुसतं हँडल हलकं झालं, आणि पुढच्या क्षणी मी खडीवर पालथी, डावं मनगट उलटं वळलेलं, आणि सायकलचं मागचं चाक माझ्या कानाजवळ अजून फिरतंय, त्याचा तो किर्र आवाज. तीन महिने प्लास्टर आणि फिजिओ. सायकलवर परत बसले तेव्हा सपाट रस्त्यावरसुद्धा हात थरथरत होते.

म्हणून सांगते, चढावर कोण जिंकलं ते दिसतं पण तो चढ संपल्यावर त्याच अरुंद रस्त्याने सत्तरच्या स्पीडने खाली जायचं असतं, झाडाखाली ओलं, कुठे डांबर फुगलेलं, आणि तिथे ब्रेक जरा जास्त दाबला तर पायथ्याला चाळिसावा नंबर. घाटाआधीची ती मारामारी खरं तर आधीच्या उतारावरच सुरू होते.

आणि तुझा दुसरा प्रश्न. जुलैत जे लढणारेत ते एप्रिलमध्ये एकाच रस्त्यावर समोरासमोर येतात अशा रेस कमीच आहेत, इथे आपले पाय आणि समोरच्याचे पाय दोन्ही कळतात. नंतर लगेच बेल्जियमकडच्या आर्डेनच्या वन-डे रेसेस असतात, लीएज वगैरे, त्यांची तयारी याच रस्त्यांवर होते. एवढं होऊनही विंगेगार्ड त्याच जुलैत टूरला उभा राहिला, एक स्टेज जिंकली आणि दुसरा आला. रेम्को तिसरा, आणि मग पॅरिस ऑलिंपिकची दोन्ही गोल्ड, टाइम ट्रायल आणि रोड रेस. मनगटाची पट्टी बांधून मी ती टूर बघितली आणि ऑगस्टमध्ये परत कसाऱ्याला गेले.

जाता जाता, 2022 पासून बायकांची पण इत्झुलिया होते, पहिल्याच वर्षी डेमी व्होलरिंगने तिन्हीच्या तिन्ही स्टेज मारल्या. तीही बघा.

गिरगावकर_काका

मुलांनो, वाचून फार बरं वाटलं. मी आता एकसष्ट वर्षांचा, घाट चढणं बंद झालंय, मरीन ड्राइव्हला सकाळी दोन फेऱ्या मारतो एवढंच. पण एइबारचं नाव आलं म्हणून लिहितो, कारण ते गाव माझ्या आवडीचं आहे.

एइबार हे बंदुका बनवणाऱ्यांचं गाव. दरीत वसलेलं, कारखानेच कारखाने. ऑर्बेआ ही कंपनी 1840 साली तिथे बंदुकांसाठी सुरू झाली, बीएच म्हणजे बेइस्तेगी बंधू, तेही बंदुकवालेच. पहिल्या महायुद्धानंतर बंदुकांची मागणी पडली, आणि हातात काय होतं तर पोलादी नळी बनवायचं, जोडायचं, अचूक कापायचं कसब. बंदुकीची नळी करणाऱ्या हातांनी सायकलच्या फ्रेमची नळी केली. मी स्वतः लेथवर तीस वर्षं काम केलंय, मला विचारा, नळी सरळ राखणं किती कठीण असतं. 1952 पासून तिथे बिसिक्लेता एइबारेसा म्हणून स्वतंत्र रेस व्हायची, ती 1973 ला इत्झुलियात मिसळली. म्हणजे रेस एइबारमध्ये संपते तेव्हा ती सायकली जिथे घडल्या त्या गल्ल्यांतून जात असते.

इत्झुलिया पहिल्यांदा झाली 1924 ला. 1935 ला इटलीच्या जिनो बार्तालीने जिंकली, विशीतला पोरगा होता. पुढच्या वर्षी स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं, 1937 मध्ये त्या भागावर बॉम्ब पडले, गेर्निका तर सगळ्या जगाला माहीत आहे. इत्झुलिया परत भरली थेट 1969 ला, ती आंकेतीलने जिंकली. चौतीस वर्षांचा खंड. आणि व्हुएल्टा म्हणजे अख्ख्या स्पेनची मोठी रेस, ती 1978 नंतर राजकीय तणावामुळे बास्कमध्ये गेलीच नाही, 2011 ला परत गेली. त्या वर्षी बिल्बाओची स्टेज कोणी जिंकावी? इगोर अंतोन, तिथलाच पोरगा, नारिंगी जर्सीतला, युस्काल्टेल टीमचा. बिल्बाओच्या रस्त्यांवर त्या दिवशी माणसं रडत होती.

जिंकणाऱ्याला तिथे चापेला देतात, म्हणजे बास्क लोकांची रुंद गोल टोपी. आपण पाहुण्याला फेटा बांधतो ना, तोच मान. मी लहान असताना वडील मला चेंबूरला मुंबई-पुणे सायकल रेस बघायला न्यायचे, खांद्यावर बसवून. रेस जिंकणारा लक्षात राहायचा नाही पण घाटाचा राजा कोण झाला ते दुसऱ्या दिवशी अख्ख्या चाळीत माहीत असायचं. बास्क लोकांना घाटावर उभं राहून ओरडताना बघतो तेव्हा मला वडिलांचा तो खांदा आठवतो.

विरार_फास्ट

काका, दंडवत. एक विचारू का, सगळ्यात जास्त वेळा कोणी जिंकलीये? आणि आपल्याकडे किती वाजता बघायची?

घाटवेडा_ठाणे

चार-चार वेळा दोघांनी. गोन्झालेस लिनारेस, 1972, 75, 77, 78. आणि काँटाडोर, 2008, 2009, 2014, 2016. अलीकडे 2024 ला आयुसो, 2025 ला आल्मेडा. टाइम म्हणशील तर एप्रिलमध्ये ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, फिनिश आपल्याकडे साधारण रात्री साडेआठ-नऊला पडतं, ऑफिसवरून येऊन जेवता जेवता मस्त बघता येते.

आणि रविवारचा बोरघाट, एक काम कर. या रविवारी खोपोलीला जाऊ नको. उपवनला ये, येऊर गावापर्यंत चढ, खाली उतर, परत चढ. सहा वेळा. प्रत्येक वेळी पायथ्याला पूर्ण जोर लावून वळायचं, वर चहा नाही, थांबायचं नाही. उतार मात्र आरामात, ताई म्हणतायत ते लक्षात ठेव. मग इथे येऊन लिही.

रविवारचा_बोरघाट (मुलुंड)

सगळ्यांना मनापासून थँक्यू. काका तुमचं लिहिलेलं मी घरी बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी पण लहानपणी ती रेस बघितलीये, मग तासभर तेच बोलत होते.

आणि दादा, येऊर केलं. आम्ही चौघं होतो. पहिल्या दोन फेऱ्यांना वाटलं हे काय, सोप्पंय. तिसऱ्या वेळी पायथ्याला माझा मित्र जोरात वळला आणि मी चेन मोठ्या गिअरवर विसरलो, चार सायकलींचं अंतर पडलं, फक्त चार, आणि ते भरायला मला अर्धा चढ लागला. ते भरलं तिथेच माझे पाय संपले. चौथ्याला मी त्याचं मागचं चाक बघत होतो, हात पुढे केला तर लागेल एवढं जवळ, आणि ते हळूहळू एक वीत, मग एक हात, मग सायकलभर लांब गेलं, मी काहीच करू शकलो नाही. दम लागला होता म्हणून नाही, पायांनी ऐकायचंच सोडलं. पाचव्याला मी झाडाखाली पाय टेकला. बोरघाटात चार वर्षांत एकदाही टेकला नव्हता.

संध्याकाळी 2021 ची स्टेज लावली. मॅकनल्टी मागे पडतो आणि पोगाचार वळून वळून बघतो, तिथे पॉज केलं. आता मला त्याच्या खांद्याकडे बघूनच कळतंय की तो गेलाय. पुढच्या रविवारी परत येऊर, पाच पूर्ण करायच्यात. कोणी येणार असेल तर साडेपाचला उपवन तलावाजवळ, ताई तुम्ही पण या, उतार तुम्ही सांगाल त्या स्पीडने.

दादरची_सायकलवाली

येते. पुढे मी उतरेन, कोणी ओव्हरटेक करायचं नाही.