मदत हवी आहे : जिप्सीत बलेनोचं 1.6 इंजिन बसवलं, पॉवर स्टिअरिंगच्या तेलाला फेस येतोय

नमस्कार मंडळी,

वडिलांची 1998 ची जिप्सी किंग आहे. गाव भोरच्या पुढे, वरंध घाटाच्या वाटेवर. कार्ब्युरेटरवालं 1.3 इंजिन तेल जाळायला लागलं, तेव्हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आरटीओची परवानगी आधी काढून जुन्या बलेनो सेडानचं 1.6, म्हणजे जी16बी बसवलं. इंजिन गुणी आहे, तक्रार नाही.

अडचण स्टिअरिंगची. वडील 64 वर्षांचे, उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. गाडी विकायला ते तयार नाहीत आणि मलाही ती विकायची नाही. बलेनोच्या इंजिनाबरोबर पॉवर स्टिअरिंगचा पंप आयताच आला होता. पण बलेनोला रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दातेरी दांडा; जिप्सीला पुढे सॉलिड अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड आस, आणि स्प्रिंगचे पाटे. तिथे रॅक चालणार नाही. म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून बोलेरोचा पॉवर स्टिअरिंग बॉक्स आणला. चॅसिसला प्लेट मारली, बोल्ट आवळताना चॅसिस चेपू नये म्हणून आतून नळ्या घातल्या.

बलेनोत इंजिन आडवं असतं, जिप्सीत उभं. त्यामुळे पंप मूळ जागी चॅसिसला लागत होता. नवा ब्रॅकेट केला, पट्टी लावून पुल्या एका रेषेत आणल्या. प्रेशर होजचे आटे जुळेनात, म्हणून जेसीबीचे होज क्रिम्प करणाऱ्याकडून नवा बनवून घेतला. तेल डेक्सरॉन एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून हवा काढली.

तरीही दहा मिनिटांत पंप शिट्टी मारतो आणि टाकीत लाल तेलाचा गुलाबी फेस येतो, दूध उतू जावं तसा. बाहेर एक थेंब गळत नाही. जागेवर उभं राहून स्टिअरिंग वळवलं की आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) पडतो, कधी इंजिन बंदच होतं. शिवाय बोलेरोचा ड्रॉप आर्म (बॉक्सखालची फिरणारी दांडी) खाली लोंबतो, त्यापासून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक तिरकी बसते आणि खड्ड्यात स्टिअरिंग हिसका देतं. गाडी अजून शेतातल्या रस्त्यापुरतीच फिरवली आहे. मिस्त्री म्हणतो पंप बदला, ड्रॉप आर्म कापून वेल्ड करू. मन धजत नाही. काय करू?

प्रतिसाद :

दादा, पंपाला तूर्त हात लावू नका. टाकीतून पंपाकडे येणाऱ्या होजमध्ये पंप ओढत असतो. तिथली क्लिप सैल असली तर तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. तुमचा फेस तिथलाच वाटतो. टाकी पंपाच्या वर आहे का? तो होज आखूड, जाड आणि तेलाला टिकणारा हवा. हीटरचा होज तेलाने फुगतो. परतीची नळीही तेलाच्या पातळीखाली उघडली पाहिजे.

आयडलसाठी पंपावर प्रेशर स्विच दिसतो का बघा. स्टिअरिंगचा भार आला की तो ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो, मग आयडल उचलला जातो. इंजिन बदलताना ती वायर हमखास लोंबकळत राहते.

ड्रॉप आर्म वेल्ड करू देऊ नका, दादा. तो फोर्जिंगचा, म्हणजे तापवून ठोकून घडवलेला असतो. वेल्डशेजारी पोलाद ठिसूळ होतं आणि घाटात तुटला तर हातात काहीच उरत नाही. प्लेट नवी कापा, बॉक्सच वर घ्या. गाडी चाकांवर उभी असताना ड्रॅग लिंक जवळपास आडवी आली पाहिजे.

धागाकर्ता :

तुमचंच खरं. टाकी पंपापेक्षा चार बोटं खाली होती. बॅटरीमागे उंच बसवली, होज बदलला; अर्धा तास चालवूनही तेल लालच आहे. स्विचची वायर टेपखाली गुंडाळलेली सापडली, जोडल्यावर आयडल पडत नाही. काल वडिलांनी अंगणात एका हाताने गाडी वळवली.

आता बॉक्स वर घ्यायचाय. नव्या प्लेटसाठी 6 मिमीचा पत्रा पुरेल का 8 चा घेऊ? ते होईपर्यंत गाडी घाटात नेणार नाही.