मधुमेहात स्नायू टिकवायला व्यायाम आणि प्रोबायोटिक: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, डिचोलीहून लिहिते आहे. बाबांना टाइप २ मधुमेह आहे, वय ६८. साखर आटोक्यात आहे, पण मांड्या-दंड बारीक झालेत, खुर्चीवरून उठताना हात टेकावे लागतात. वयामुळे होतंच, असं म्हणून सोडून द्यायला मन तयार नाही.

जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच शोषून घेतात. व्यायाम करताना तर इन्सुलिन कमी पडलं तरी त्यांना ती घेता येते. म्हणून चालण्याबरोबर आठवड्यातून २-३ दिवस, मध्ये एक दिवस सोडून, ताकदीचे व्यायाम करायला सांगतात. बाबा ग्लिमेपिराइड (शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी मधुमेहाची गोळी) घेतात, त्यामुळे व्यायाम करताना साखर एकदम उतरेल याची धास्ती वाटते. घरी रबरी पट्टा वापरून कुणी सुरुवात केली आहे का? वेळ कोणती ठेवलीत? म्हापसा-फोंडा भागात ज्येष्ठांना नीट शिकवणारे फिजिओथेरपिस्ट माहीत असतील तर कृपया कळवा.

शिवाय एका नातेवाइकाने प्रोबायोटिक, म्हणजे पोटासाठी चांगल्या जिवंत जिवाणूंची, कॅप्सूल सुचवली आहे. स्नायूंसाठी तिचा उपयोग होतो याचा माणसांवरचा पुरावा अजून तोकडाच आहे. मग घरचं ताजं ताक पुरे, की कॅप्सूलने कुणाला खरंच फरक जाणवला? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण त्याआधी तुमचे अनुभव हवे आहेत.