अल्बर्ट शँकर: नागरी हक्कांचे पाठीराखे आणि १९६८ च्या संपाचे सूत्रधार, हे दोन्ही एकच कसे?

पाटीपेन्सिल:

अमेरिकेतील शिक्षक-संघटनांवर एका अभ्यासगटासाठी टिपण तयार करीत असून अल्बर्ट शँकर या नावापाशी येऊन अडलो आहे. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाला अमेरिकेतील कामगार संघटनांच्या मध्यवर्ती महासंघाने पाठिंबा दिला नव्हता. न्यूयॉर्कच्या युनायटेड फेडरेशन ऑफ टीचर्सने मात्र तो दिला. शँकर पुढच्याच वर्षी या संघटनेचे अध्यक्ष झाले आणि १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठीच्या सेल्माच्या पदयात्रेत सहभागी झाले. त्यानंतर जेमतेम तीन वर्षांनी, ब्रुकलिनमधील ओशन हिल–ब्राउन्सव्हिल या बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीने चालवायला घेतलेल्या शाळांशी झालेल्या वादातून, त्यांनी शहरभर संप पुकारला आणि शाळांचे ३६ दिवस बुडाले. यात माणूस बदलला, की त्याची हक्कांविषयीची समजूत पहिल्यापासून तशीच होती? आरती नको आणि शिव्याशापही नकोत. घटनाक्रमाच्या आधारे कोणी उलगडून सांगितल्यास उपकृत होईन.

जुनी वही:

माझ्या मते माणूस बदलला नाही, आणि त्याचे कारण सेल्मात नसून एका वर्गखोलीत आहे.

शँकर १९५२ मध्ये ईस्ट हार्लेममधील एका शाळेत शिकवू लागले. तत्त्वज्ञानातील पीएचडी अर्धवट राहिलेली, वर्ग आवरत नाही, अशा अवस्थेत एके दिवशी साहाय्यक मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. आता काही मदत होईल, या आशेने नवशिक्या शिक्षकाने त्यांच्याकडे पाहिले. साहेबांनी बोट रोखले आणि तिसऱ्या ओळीत जमिनीवर कागदाचे कपटे पडले आहेत, हे शोभत नाही, एवढे सुनावून ते निघून गेले. हा प्रसंग शँकर पुढे अनेकदा सांगत असत. वरिष्ठाच्या मर्जीवर नोकरी अवलंबून असणे म्हणजे काय, हे त्यांना कपट्यांच्या त्या ओळीत कळले असावे. (आई शिवणकाम करणारी आणि कट्टर युनियनवाली होती, त्यामुळे त्यावरचा उपाय घरातच ठाऊक होता.)

आता १९६८ पाहू. त्या वर्षीच्या मे महिन्यात ओशन हिलच्या स्थानिक मंडळाने १३ शिक्षक आणि ६ पर्यवेक्षक अशा १९ जणांना, कोणतीही सुनावणी न घेता, आपल्या शाळांतून काढून मध्यवर्ती कार्यालयाकडे परत पाठविल्याची पत्रे दिली. मंडळाचे प्रशासक र्‍होडी मॅकॉय यांची भूमिका अशी होती की, हे लोक वस्तीने शाळा चालविण्याच्या प्रयोगाला खीळ घालीत आहेत आणि कोणाला ठेवायचे हे ठरवता येत नसेल तर ‘स्थानिक नियंत्रण’ या शब्दांना अर्थ उरत नाही. शँकर यांची भूमिका अशी की, आरोप मांडा, पुरावा द्या, मगच हात लावा. प्रकरण फ्रान्सिस रिव्हर्स या निवृत्त न्यायाधीशांपुढे गेले आणि त्यांनी शिक्षकांच्या बाजूने निष्कर्ष दिला. रिव्हर्स स्वतः कृष्णवर्णीय होते, हा तपशील अनेक जण गाळतात. मंडळाने निष्कर्ष मानला नाही आणि सप्टेंबरमध्ये संप सुरू झाला. तीन टप्प्यांत तो १७ नोव्हेंबरपर्यंत चालला.

मुद्दा कायद्याच्या प्रक्रियेचा होता आणि त्यावर ते बरोबर होते, असे माझे मत आहे. पण त्यांनी केलेली एक गोष्ट मला अक्षम्य वाटते. तेथील एका शाळेत शिक्षकांच्या टपालखणांत ज्यूविरोधी मजकुराचे निनावी पत्रक सापडले होते (शहरातील बरेचसे शिक्षक ज्यू होते). संघटनेने त्याच्या सुमारे पाच लाख प्रती छापून शहरभर वाटल्या. मूठभरांचा विखार साऱ्या वस्तीच्या नावावर चढविला गेला, आणि ज्यू शिक्षक विरुद्ध कृष्णवर्णीय पालक असे जे चित्र उमटले ते पुढे पुसले गेले नाही.

तळटीप:

जुनी वही यांनी प्रक्रियेचा मुद्दा नेमका मांडला आहे, परंतु त्या प्रक्रियेखालची जमीन समतल होती असे त्यांच्या मांडणीवरून वाटते, आणि तेथेच मी असहमत आहे.

त्या काळी न्यूयॉर्कच्या शाळांतील निम्म्याहून अधिक मुले कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन होती, तर शिक्षकांत कृष्णवर्णीय दहांत एकही नव्हते. भरती ज्या परीक्षा-मंडळामार्फत होत असे, त्याच्या चाळणीतून कोण खाली पडते हे पालकांना दिसत होते. शाळांतील वर्णविभाजन संपविण्याची मागणी त्यांनी आधी सनदशीर मार्गाने करून पाहिली होती. फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यासाठी एका दिवसाचा बहिष्कार झाला तेव्हा साडेचार लाखांहून अधिक मुले शाळेत गेली नाहीत. हाती काही लागले नाही. एकत्र शाळा मिळत नाहीत, तर निदान आपल्या वस्तीतल्या शाळा तरी आपल्या हाती द्या, ही मागणी त्या निराशेतून आली होती. नोकरी हा एका माणसाचा हक्क असेल, तर शिकणे हा त्याच वर्गातल्या तीस जणांचा हक्क आहे. त्याची सुनावणी कोणापुढे व्हायची होती?

शिवाय संपाची किंमत केवळ दहा लाखांच्या घरातल्या विद्यार्थ्यांनीच मोजली असे नाही. वॉशिंग्टन मोर्चाचे संयोजक बेयर्ड रस्टिन आणि ज्येष्ठ कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ हे दोघे शँकर यांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्याबद्दल तरुण कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांच्या नजरेतून उतरले. कामगार चळवळ आणि नागरी हक्कांची चळवळ एकत्र नांदतील, ही रस्टिन यांची सारी मांडणी त्या शरद ऋतूत उघडी पडली.

दुपारची सुट्टी:

दोघेही नोव्हेंबर १९६८ ला थांबले आहेत. माझ्या दृष्टीने खरी कसोटी त्यानंतरची आहे.

वर्गात शिक्षकाला मदत करणाऱ्या हजारो सहायिका तेव्हा शहराच्या शाळांत होत्या. त्यांतील बहुतेक जणी त्याच वस्त्यांतल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिन माता होत्या, कित्येक जणी सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या होत्या, आणि पगार वर्षाला दोन हजार डॉलरच्या आसपास होता. संपात यांतल्या अनेकींनी संपकऱ्यांची फळी ओलांडून शाळा चालू ठेवल्या होत्या. म्हणजे शिक्षकांच्या भाषेत त्या संपफोड्या होत्या. त्यांनाच संघटनेत घ्यायचे, असे शँकर यांनी ठरविले आणि हे काम व्हेल्मा हिल यांच्याकडे सोपविले. हिल स्वतः कृष्णवर्णीय. १९६० मध्ये शिकागोतील रेनबो बीच या गोऱ्यांनी अडविलेल्या किनाऱ्यावर सत्याग्रह करताना डोक्यात दगड बसून जखमी झालेल्या. त्या शाळाशाळांतून फिरल्या. १९६९ मध्ये सहायिकांनी थोड्या मताधिक्याने याच संघटनेला कौल दिला. पुढे करार अडला तेव्हा, ज्यांच्याशी दोन वर्षांपूर्वी फाटले होते त्या बायकांसाठी संप करायला शिक्षकांनी मतदानाने संमती दिली. १९७० च्या करारात पगार दुपटीहून अधिक वाढला आणि नोकरी सांभाळून महाविद्यालयात शिकण्याची सोय झाली. त्या वाटेने अनेक जणी पुढे स्वतः शिक्षिका झाल्या. मोर्चात चालण्यापेक्षा हे काम मला मोठे वाटते, कारण येथे आपल्याच सभासदांचा राग अंगावर घ्यायचा होता.

पाटीपेन्सिल:

सहायिकांचा भाग मला पूर्णपणे नवा आहे, आभार. मग १९७८ च्या बॅकी खटल्याचे काय? शँकर तेव्हा अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते आणि संघटनेने वैद्यकीय महाविद्यालयातील राखीव जागांच्या विरोधात बाजू घेतली, असे वाचले. हे सहायिकांच्या कामाशी कसे जुळते?

जुनी वही:

त्यांच्या हिशेबात ते जुळते. याच राष्ट्रीय संघटनेने, शँकर पुढारी होण्याच्या कितीतरी आधी, शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या १९५४ च्या ब्राउन खटल्यात निवेदन सादर केले होते आणि पुढे गोऱ्या-काळ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या शाखांना बाहेरचा रस्ता दाखविला होता. वर्ण पाहून दार बंद करायचे नाही, ही तेथली शिकवण शँकर यांनी शब्दशः धरली आणि वर्ण पाहून दार उघडण्यालाही विरोध केला. मागे पडलेल्याला शिकवून, पगार देऊन, परीक्षेपर्यंत आणून पोहोचवा, पण जागा बाजूला काढून ठेवू नका, असा त्यांचा आग्रह होता. सहायिकांसाठी त्यांनी नेमके पहिले केले.

तळटीप:

फक्त एवढी नोंद टिपणात असू द्या, की सहायिकांना ती शिडी मिळाली तेव्हा वर पोहोचायला त्यांच्या हाती फारच थोडी वर्षे होती. १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या कडेला आले, तेव्हा शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीतून १५ कोटी डॉलरचे रोखे घेण्याचे शँकर यांनी मान्य केले आणि शहर तरले. तरीही हजारो शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्याच. कपात सेवाज्येष्ठतेनुसार झाली, आणि सर्वांत शेवटी आत आलेले, म्हणजेच कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन शिक्षक, सर्वांत आधी बाहेर पडले. नियम सर्वांना सारखाच लावला गेला होता.