तीन वर्षे प्रार्थना केली, अर्ज मात्र अजून भरलेला नाही

प्रश्न (परिचारिका, जालना)

सर्वांना सप्रेम सलाम. माझे वय ३४ असून जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा पूर्ण करून ११ वर्षे झाली. सध्या मी जालन्यातील एका खासगी रुग्णालयात काम करते. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून पुढे नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवावे, ही माझी फार जुनी इच्छा आहे. गेली तीन वर्षे प्रवेशाचे दिवस आले की मी उपास धरते, प्रार्थना करते आणि मनाला शांती मिळाली की अर्ज भरायचा असे ठरवते. शांती काही मिळत नाही आणि शेवटची तारीख निघून जाते. मंठ्याकडे वडिलांची थोडी कोरडवाहू शेती आहे. गेल्या काही हंगामांत कापसाने हात दिलेला नाही, त्यामुळे घराचा बराचसा भार माझ्या पगारावरच आहे. आमच्या चर्चचे पाळक म्हणतात, प्रभूची वेळ येईल. वॉर्डात रात्री दोन वाजता रुग्णाचा श्वास अडकला तरी माझे हात थरथरत नाहीत, पण तो अर्ज समोर आला की थरथरतात. ही भीती म्हणजे देवाचा नकार समजावा, की माझा विश्वास कमी पडतो असे समजावे?

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, लातूर)

ताई, मला वाटते या दोन्हींपैकी काहीच समजू नये. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय आज सावकाश वाचा. नहेम्या हा पर्शियाच्या राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा सेवक. यरुशलेम शहराचा कोट पडल्याची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली आणि तो राजासमोर बोलला तो नीसान महिन्यात, म्हणजे मधले सुमारे चार महिने त्याने उपासात आणि प्रार्थनेत घालवले. इतकी प्रार्थना करूनही अर्तहशश्त राजाने "तुझा चेहरा का उतरला आहे?" असे विचारताच आपण फार घाबरलो, असे तो स्वतःच लिहून ठेवतो. चार महिन्यांच्या प्रार्थनेने त्याची भीती गेली नव्हती. ती भीती घेऊनच तो बोलला. बोलण्याआधीच्या त्या क्षणभरात त्याने मनातल्या मनात पुन्हा एकदा देवाची प्रार्थना केली, आणि ती प्रार्थना नक्कीच फार लहान असणार.

आपल्या उपदेशांतून सहसा निसटून जाणारा भाग यापुढचा आहे. राजाने विचारले, "किती दिवस लागतील आणि परत केव्हा येशील?" नहेम्याकडे उत्तर तयार होते. त्याने मुदत सांगितली, वाटेतल्या सुभेदारांसाठी पत्रे मागितली, आणि राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्याकडून लाकूड मिळावे म्हणून वेगळे पत्र मागितले. प्यालेबरदाराच्या नोकरीत असलेल्या माणसाला कोणत्या कामाचे लाकूड कोणाकडे मिळते हे ठाऊक असावे, याचा अर्थ त्या चार महिन्यांत त्याने चौकशीही केली असली पाहिजे. (हा माझा तर्क आहे, शास्त्रात तसे लिहिलेले नाही.) पुढे कोट ५२ दिवसांत पूर्ण झाला हे सगळे सांगतात, पण त्याआधीच्या या चौकशीबद्दल कोणी बोलत नाही.

तुम्ही अर्जाआधी शांतीची खूण मागत आहात, त्यावरून मला बायबलमधल्या गिदोनाची लोकर आठवते. त्याने खळ्यावर लोकर ठेवून, तिच्यावरच दव पडावे अशी खूण देवाकडे मागितली होती. मात्र ती खूण मागण्याआधीच देवाने त्याला काय करायचे ते सांगितलेले होते. खूण मिळाली ती त्याच्या दुबळेपणाची दया येऊन. तिला नियम समजू नये.

तुम्ही जालन्याच्या आहात म्हणून आणखी एक. तुमच्या शहराजवळचे बेथेल वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या या माणसाने पुढे निजामाच्या सरकारकडून जमीन मिळवून तिथे वस्ती उभी केली. जमीन प्रार्थनेने मिळाली असे म्हणायला माझी हरकत नाही, पण ती मागायला कोणाला तरी दरबारी जावेच लागले.

उत्तर २ (परभणी)

सरांशी मी बराचसा सहमत आहे, तरी एक सावधगिरी सुचवतो. जे आपल्याला हवे ते देवालाही हवेच, असे धरून चालणे हल्ली फार वाढले आहे. "ख्रिस्ताकडून मला सर्व काही करण्याचे सामर्थ्य मिळते" या अर्थाचे बायबलमधले प्रेषित पौलाचे वचन परीक्षेच्या दिवशी स्टेटसवर ठेवले जाते. वास्तविक ते त्याने बंदिवासात लिहिले आणि त्याचा संदर्भ टंचाईत व विपुलतेत सारखेच समाधानी राहण्याचा आहे. त्याच पौलाला बिथुनिया प्रांतात जायचे होते, तिथे देवाच्या आत्म्याने जाऊ दिले नाही, आणि तो मासेदोनिया प्रांतात पोहोचला. म्हणून ताईंनी अर्ज जरूर भरावा, पण प्रवेश मिळाला नाही तर विश्वास खोटा ठरला असे मानू नये. आणि हेही पाहावे की पौल वाटेवर चालत होता म्हणूनच त्याला अडवता आले.

उत्तर ३ (निवृत्त परिचारिका, अंबाजोगाई)

बाळा, तू वॉर्डातला जो दाखला दिलास त्यातच तुझे उत्तर आहे. श्वास अडकलेल्या रुग्णाजवळ तू आधी मन शांत होण्याची वाट पाहत नाहीस, आधी डोके उंच करतेस, ऑक्सिजन लावतेस आणि डॉक्टरांना बोलावतेस. तिथे तुला पहिले काम कोणते हे माहीत असते. अर्जाच्या बाबतीत ते तू ठरवलेलेच नाहीस, म्हणून हात थरथरतात.

बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात सांगितले आहे, आणि मी ते अगदी शब्दशः घेते. वहीत लिही: दोन वर्षांची फी, राहण्याचा खर्च, वडिलांना दरमहा किती पाठवतेस, त्यातले किती कमी झाले तर घर चालेल, सुट्ट्यांत ड्यूटी मिळेल का. अनुभवाचा दाखला आजच माग आणि नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची मुदत तपास. वयाची काळजी करू नकोस. पंडिता रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतली तेव्हा त्यांची चाळिशी उलटलेली होती आणि त्यांनी निराधार स्त्रियांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनचा सगळा पसारा अंगावर होता. तुझ्यापुढे दोनच वर्षांचा, तोही ओळखीच्या विषयाचा अभ्यास आहे.

पाळकांवर मात्र रागावू नकोस. "तारीख जवळ आली आहे, या रविवारी माझ्यासाठी प्रार्थना करा," असे त्यांना सांग. तारीख कळली की त्यांचीही प्रार्थना बदलेल.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची ऋणी आहे. काल रात्रपाळी संपल्यावर हिशेब मांडला. माझ्या मनातील भीतीच्या मानाने आकडा लहान निघाला, तरी तो लहान नाही. दुसऱ्या वर्षी साधारण चार महिन्यांची तूट राहते आणि तिचे काय करायचे हे अजून सुचलेले नाही. कौन्सिलच्या नोंदणीची मुदत येत्या दोन महिन्यांत संपते, हे मी पाहिलेलेही नव्हते.

सकाळी वडिलांना फोन केला. हा विषय त्यांच्याजवळ तीन वर्षांत एकदाही काढला नव्हता, कारण ते नाही म्हणतील असे मी धरूनच चालले होते. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "किती दिवसाचं हाये ते?" दोन वर्षांचे, असे मी सांगितले. "मंजे कापसाचे दोन हंगाम. बरं, फारम कवा भरायचा?"