मदत हवी आहे: होंडा सीआर-झेड घ्यावी की सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहतो. जुनी गाडी घ्यायची आहे, आणि दोन गाड्यांमध्ये जीव अडकलाय: २०११ची होंडा सीआर-झेड आणि २०१३ची स्विफ्ट स्पोर्ट. दोन्हींना सहा गिअर, तेही हाताने टाकायचे. ऑटोमॅटिक नकोच.

होंडाची रचना मोहात पाडते. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, जोडीला छोटी विजेची मोटर, म्हणजे हायब्रिड; दोन्ही मिळून १२४ पीएस (साधारण हॉर्सपॉवरच). पण ही गाडी नुसत्या विजेवर चालत नाही. मोटर फक्त इंजिनाला जोर देते. स्विफ्टचं १.६ इंजिन एकटंच १३६ पीएस देतं, आणि गाडीही हलकी. चालवताना फरक लगेच कळला, स्विफ्ट नुसती उड्या मारते!

होंडात मागे मुलीला बसवून पाहिलं. सहा वर्षांची पोर, तरी म्हणाली, "बाबा, पाय कुठे ठेवू?" शिवाय मागच्या काचेच्या मधोमध आडवी पट्टी आहे, आरशात नेमकी मागची गाडी तिच्याआड जाते. तरी दिसते मात्र काय देखणी!

या वर्षांच्या गाड्यांचा इथला रोड टॅक्स कार्बन उत्सर्जनावर ठरतो, त्यात होंडा बरीच स्वस्त पडते. धास्ती आहे ती हायब्रिड बॅटरीची. इतक्या वर्षांनी ती कितपत तग धरते? घेण्याआधी नेमकं काय तपासून घ्यावं? आणि स्विफ्ट वापरणाऱ्यांनो, मोटरवेवर रोज साठ मैल केलेत तर कान किटतात का?

बायकोचं मत स्विफ्ट. मला अजून होंडाच स्वप्नात येते.