सीएमएल (रक्ताचा एक कॅन्सर) आटोक्यात आला, तर त्यावरची गोळी इमॅटिनिब बंद करून बघावी का?

मुलुंडची लेक: आईला २०१५ पासून सीएमएल. रोज ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिब. गेली चार वर्षं रिपोर्टमध्ये बीसीआर-एबीएल (या आजाराची खूण असलेला बिघडलेला जीन) सापडतच नाही, पण रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, सकाळी डोळे सुजतात. अशा पेशंटना डॉक्टरांच्या देखरेखीत गोळी थांबवून बघायची संधी मिळायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. फ्रान्समधल्या ‘स्टिम’ अभ्यासात साधारण ४० टक्के लोक गोळीविना ठीक राहिले. ज्यांचा आजार परतला, त्यातल्या बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांत परतला आणि गोळी सुरू करताच पुन्हा आटोक्यात आला.

दादर पश्चिम: म्हणजे ६० टक्क्यांचा परतला, ताई! ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन जे बीसीआर-एबीएल नावाचं टायरोसिन कायनेज एन्झाइम तयार होतं, ते पेशींना सतत ‘वाढा, वाढा’ सांगत राहतं. गोळी त्याची जागा अडवून बसते, बिघडलेली प्रत्येक पेशी संपवत नाही. शिवाय गोळी थांबवल्यावर सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर (बीसीआर-एबीएल मोजणारी रक्ततपासणी) लागते. मुलुंडहून परळ जवळ आहे. रत्नागिरीहून, यवतमाळहून परळच्या टाटा हॉस्पिटलला येणाऱ्यांनी काय करायचं? एक तपासणी चुकली तरी धोका. नोव्हार्टिस कंपनीची ही गोळी महिन्याला सव्वा लाखाच्या घरात होती. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने त्यांचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून आपल्याला स्वस्त जेनेरिक मिळत राहिली. परवडणारी गोळी हाताशी असताना हा जुगार का?

ठाणेकरीण: जुगार म्हणू नका. मी तिशीत आहे, मूल हवंय, आणि गरोदरपणात इमॅटिनिब चालत नाही. माझ्यासारखीला आयुष्यभर गोळी म्हणजे किती मोठा निर्णय, याचा विचार करा.

बोरिवली २: बाबांना सीएलएल (रक्ताचा दुसऱ्या प्रकारचा कॅन्सर) आहे, त्यावर आयब्रुटिनिब ही गोळी चालू आहे. तीही थांबवता येईल?

दादर पश्चिम: नाही हो! ती बीटीके नावाचं वेगळं एन्झाइम अडवते आणि साधारणपणे आजार वाढेपर्यंत चालूच ठेवतात. सीएमएलचा नियम तिथे लावू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक डोसही चुकवू नका. ठाणेकरीण, तुमचा मुद्दा मला पटतो. पण धागाकर्तीच्या आईला गोळे येत असतील, तर आधी डोस कमी करण्याबद्दल किंवा औषध बदलण्याबद्दल विचारा.

मुलुंडची लेक: विचारणारच आहे. पण गोळीविना राहून बघायचं की नाही, हे आईने ठरवू दे. दर महिन्याच्या तपासणीला मी तिला नेईन.